हिरड्यांतून येणारें रक्त

मिठबावसारख्या किनार्‍यावर राहणारांना कलंडलेला माड नवा नाहीं. अशा माडाला कीड लागलेली नसते; झावळ्याही हिरव्यागार असतात. परंतु बुंध्याभोंवतालची वाळू लाटांनीं हळूहळू ओढून नेलेली असते आणि एके दिवशीं तो उभाच्या उभा आडवा होतो. मनुष्याच्या दांतांची गत पुष्कळ वेळां हीच होते. दांत धडधाकट असतो. त्याच्या बुडाची जमीन मात्र नाहींशी झालेली असते. ही जमीन म्हणजे हिरडी व तिच्या आंतील हाड होय.

या रोगाला घरोघरीं पायोरिया म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणें त्याच्या तीव्र स्वरूपानें जगांतील शंभर कोटींहून अधिक माणसें पीडलेली आहेत. तरीही त्याची दखल फारशी घेतली जात नाहीं. याचें कारण असें कीं, तो बहुधा दुखत नाहीं.

दांत व हिरडी यांच्या सांध्यावर सूक्ष्म जंतूंचा चिकट थर नित्य बसत असतो. तो रोज निघाला नाहीं, तर लाळेंतील क्षारांनीं कठीण होतो. यालाच कीटण म्हणतात. हिरडी लाल होते, सुजते आणि दांत घांसतांना रक्त दिसूं लागतें. ही पहिली पायरी होय, आणि येथून परत फिरतां येतें. डेन्मार्कमध्यें हॅराल्ड लोए व त्यांचे सहकारी यांनीं केलेला एक प्रयोग १९६५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत बारा निरोगी व्यक्तींनीं दांत घांसणें मुद्दाम बंद ठेवलें. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या; स्वच्छता पुन्हां सुरू होतांच सुमारें आठवड्याभरांत त्या पूर्ववत् झाल्या. दुर्लक्ष असेंच चालूं राहिलें, तर मात्र कित्येकांत सूज आंत उतरते व हाड झिजूं लागतें. झिजलेलें हाड आपोआप भरून येत नाहीं.

असें असतां आपल्या घरांतील समजुती नेमक्या उलट्या असतात. रक्त आलें कीं तेथें ब्रश फिरविणें लोक बंद करतात. त्यामुळें जंतूंना रानच मोकळें मिळतें. वस्तुतः त्याच जागीं मऊ ब्रशनें, हलक्या हातानें, अधिक काळजीपूर्वक स्वच्छता हवी. दुसरी समजूत अशी कीं, डॉक्टरांकडून कीटण काढविल्यानें दांत हालूं लागतात. खरें पाहतां, हाड आधींच झिजलेलें असतें. कीटणाच्या आधारानें दांत घट्ट भासतो एवढेंच. तिसरी समजूत वयाची. गणपतीला गांवीं गेलेली मुंबईकर मंडळी आजीचें बोळकें पाहून ‘वय झालें’ म्हणतात. पण केवळ वय झाल्यानें दांत पडत नाहींत. वर्षानुवर्षें न निघालेला मळ त्यांना पाडतो.

कोंकणांत आंब्याचें पान किंवा राखुंडी वापरून दांत घांसण्याची चाल जुनी आहे. राखुंडीच्या भरड कणांनीं दांत झिजतात व हिरड्या सोलतात. मिश्रीची गोष्ट त्याहून वाईट. ती भाजलेल्या तंबाखूची भुकटी असल्यानें दंतमंजन म्हणून सुरू होते आणि व्यसन होऊन बसते. हिरड्या तर खालावतातच, शिवाय मुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. विडी-सिगारेट ओढणारांच्या हिरड्यांतून तर रक्तही कमी येतें, त्यामुळें रोग वाढत असूनही तो लपून राहतो. मधुमेह्यांनीं विशेष जपावें. मधुमेहानें हिरड्यांचा रोग बळावतो आणि हिरड्यांच्या रोगानें रक्तांतील साखर आटोक्यांत ठेवणें कठीण होतें.

उपाय साधे आहेत. सकाळीं व रात्रीं निजण्यापूर्वीं दोन-दोन मिनिटें फ्लोराइडयुक्त पेस्टनें दांत घांसावे, दांतांमधील फटी दोर्‍यानें वा बारीक ब्रशनें स्वच्छ कराव्या, तंबाखू सर्वथा वर्ज्य करावी आणि दुखण्याची वाट न पाहतां दंतवैद्याकडून नियमित तपासणी करून घ्यावी. महाराष्ट्र शासनानें २०२३ सालीं स्वच्छ मुख अभियानासाठीं सचिन तेंडुलकर यांना सदिच्छादूत नेमलें, तेंही अशाच साध्या संवयी घरोघरीं पोंचाव्या म्हणून.

उद्यां सकाळीं चूळ टाकतांना पाण्यांत तांबूस छटा दिसली, तर ती नळाखालीं वाहवून विसरूं नये. वाळू सरकूं लागल्याची ती पहिली खूण आहे. आणि त्या वेळीं माड अजून उभा असतो.