बिल्ले, गुण आणि द्राक्षमळ्यातली मजुरी

संडे स्कूलला खेळ नवा नाही. हजेरीच्या कार्डावरची चांदणी, वचन पाठ म्हटल्याबद्दल बक्षीस, शिक्षकांनी अध्याय पुकारला की सर्वांत आधी तो काढणाऱ्याला शाबासकी, हे सगळं मोबाइलच्या कितीतरी आधीचं. आता तेच ॲपमध्ये आलं आहे. अमेरिकेतल्या लाइफ.चर्चचं यूव्हर्जन बायबल ॲप २००८ मध्ये निघालं, मुलांसाठीचं २०१३ मध्ये. यूव्हर्जनवर पवित्र शास्त्र मराठीतही वाचता येतं. रोज वाचन केलं की सलग दिवसांचा आकडा वाढतो, ठरलेलं वाचन पुरं झालं की बिल्ला मिळतो.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात धर्मशिक्षणाची परंपरा मोठी. पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळात सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. तिथं शिकणाऱ्यासमोर शिकवणारा असायचा. आज याच जिल्ह्यातल्या पुसदमधलं मूल एकटं फोन घेऊन बसतं तेव्हा महत्त्वाचं काय, हे त्याला गुणच सांगतात.

अशा ॲपमधल्या प्रश्नमंजूषेचा फायदा खरा आहे. नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून उत्तर दिलं की मजकूर जास्त दिवस लक्षात राहतो, हे मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं. पण बक्षिसाची दुसरी बाजूही आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. पुढं बक्षीस नसताना ही मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली.

वाटेत जखमी पडलेल्या माणसाला उतारशाळेत नेणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला घ्या. त्यानं उतारशाळेच्या मालकाला किती नाणी दिली? दोन. बरोबर, गुण मिळाले! पण येशूनं विचारलेला प्रश्न वेगळाच होता: जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला? त्याचं उत्तर वागण्यातून द्यावं लागतं. त्याला चार पर्याय पुरत नाहीत.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला तर गुणफलकालाच छेद देतो. पहाटे आलेल्याला आणि दिवस मावळताना आलेल्याला मालक सारखीच मजुरी देतो. आपल्याकडं कापूस वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. ज्याच्या घरचं कुणी वेचणीला जातं, ते मूल लगेच विचारेल, हा कुठला न्याय? धर्मशिक्षणाचा खरा तास त्या प्रश्नापासून सुरू होतो, आणि तेव्हा समोर माणूस लागतो.

म्हणून ॲप जरूर वापरावं. गोष्ट ऐकायला, वचन पाठ करायला. रविवारी मात्र शिक्षकांनी ‘किती’ऐवजी ‘का’ विचारावं. गुण एकेकाचे न मोजता सगळ्या वर्गाचे मिळून मोजावेत, म्हणजे घरात एकच फोन असलेलं मूल मागं पडणार नाही. उशिरा आलेल्या मजुरालाही पुरी मजुरी देणारा दाखला शिकवायचा, तर एवढं करायलाच हवं.