चिकूच्या वाडीची राखण

चिकूच्या वाडीत शिरलेला पाहुणा वर बघतो, फळं शोधतो. वाडीत राबणारी माणसं खाली बघतात. सकाळी ऊन झाडांच्या पोटात शिरायच्या आत दोन बायका डोक्याला फडकं बांधून पहिल्या रांगेपासून सुरुवात करतात. एकीच्या हातात पाटी, दुसरीच्या हातात गोणपाट. रात्रीतून गळलेलं प्रत्येक फळ उचललं जातं. गोटीएवढं असो की पिकायला आलेलं, खाली काही ठेवायचं नाही. बघणाऱ्याला हे झाडलोटीचं काम वाटेल. चिंचणी-तारापूरच्या वाड्यांत ऋतू बदलले तसं मी हे काम पाहत आले. वाडी जगते ती याच कामावर, असं माझं ठाम मत झालं आहे.

पडलेलं फळ बोलतं. टोकाशी दात लागलेले असतील तर रात्री वटवाघळं येऊन गेली, त्यात काळजीचं काही नाही. फळावर पांढरी बुरशी असेल आणि आतला गर काळवंडला असेल तर ती पावसाळी फळकूज. नुसत्या वाळक्या कळ्यांचा सडा पडला असेल तर कळी पोखरणारी अळी. आणि चांगल्या पोसलेल्या फळाला गोल, स्वच्छ भोक दिसलं की बाई फळ फोडून बी बघते. बी पोकळ निघालं तर ते फळ ती पाटीत टाकत नाही, वेगळ्या पिशवीत टाकते. मी कारण विचारलं. "हे खड्ड्यात खोल जायचं, ताई. वर राहिलं तर परत झाडावर चढतं," ती म्हणाली.

बोईसर स्टेशनवरून पश्चिमेला निघालं की आधी औद्योगिक वसाहतीचे गाळे, टँकर आणि रसायनांचा वास लागतो. मग तारापूर, आणि त्याला लागूनच चिंचणी. नावं जोडीने घेतली जातात, पण तारापूर पालघर तालुक्यात आहे आणि चिंचणी डहाणू तालुक्यात. ही रेषा कागदावरची असली तरी तिला वजन आहे. २० जून १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि उद्योगांवर बंधनं घातली. रेषेच्या अलीकडे १९६९ पासून चालणारं अणुवीज केंद्र आणि रासायनिक कारखान्यांची वसाहत. पलीकडे वाणगाव, डहाणू, घोलवड, बोर्डीपर्यंत पसरलेल्या वाड्या. झाडांना मात्र रेषा कळत नाही. चिकू दोन्ही बाजूंना आहे आणि वारा दोन्हीकडून वाहतो.

हे झाड इथलं नाही. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. ग्वाटेमालातल्या टिकाल इथे माया लोकांच्या मंदिरांच्या दारांवर चिकूच्या लाकडाच्या कोरीव तुळया आहेत, हजार वर्षांहून जुन्या. त्याच झाडाच्या चिकापासून पुढे च्युइंगगम निघालं. आपल्याकडे महाराष्ट्रातली पहिली लागवड १८९८ साली घोलवडला झाली, अशी नोंद सापडते. पारशी-इराणी बागायतदारांनी ती वाढवली, पुढे इतर समाजांनी उचलली. 'डहाणू घोलवड चिकू'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जात कालीपत्ती: गर्द हिरवं पान, लांबट गोल फळ, आत मोजक्या बिया. कलम बांधायचं ते खिरणीच्या रोपावर. खिरणी चिकूचीच चुलत बहीण, पण अस्सल इथली. ती सावकाश वाढते, म्हणून रोपवाटिकेतला माणूस घाई करत नाही. दोन झाडांत दहा मीटर अंतर सोडून, म्हणजे एकरी चाळीस झाडं लावून, पहिली सात-आठ वर्षं मधल्या मोकळ्या जागेत मिरची-भाजीवर भागवायचं. वाडी लावणारा माणूस बहुतेक वेळा नातवासाठी लावत असतो.

आंब्याच्या बागेला हंगाम असतो आणि हंगामानंतर विसावा असतो. चिकूला तो नाही. एकाच फांदीवर कळी, फूल, हिरवं फळ आणि काढणीचं फळ एका वेळी दिसतं. फुलापासून फळ तयार व्हायला सात ते दहा महिने लागतात. हिवाळ्या-उन्हाळ्यात माल जास्त येतो, पण झाड कधी पूर्ण रिकामं होत नाही. म्हणून किडीलाही उपाशी बसावं लागत नाही. वाडीच्या राखणीची अर्धी अडचण इथेच आहे.

त्यात सगळ्यांत चिवट ती बी पोखरणारी अळी. गेल्या पंचवीसेक वर्षांत तिने या पट्ट्यात ठाण मांडलं. पतंग रात्री फळावर अंडी घालतो. अंड्यातून निघालेली बारीक अळी कोवळ्या फळात शिरते आणि थेट बी गाठते. फळ वाढतं, भोक बुजून जातं, बाहेरून काही कळत नाही. महिनोन्‌महिने फळ झाडावर निरोगी दिसतं आणि आत अळी बी खाऊन मोठी होत असते. तयार झाली की ती गर पोखरत बाहेर पडते आणि सुकल्या पानाच्या घडीत कोष करते. एव्हाना फळ काढणीला आलेलं असतं, आणि त्यावरच्या एका भोकाने त्याची किंमत जाते. अळी आत असताना फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मग उरतं काय? पडलेलं उचलणं, सुकी पानं गोळा करणं, रात्री पतंगांसाठी प्रकाश सापळा लावणं, आणि झाड इतकं मोकळं ठेवणं की आत ऊन जाईल.

सुक्या पानांवरून वाडीत मतभेद आहेत, आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पानांचं आच्छादन ओल धरतं, माती पोसतं, उन्हाळ्यात पाण्याची पाळी वाचवतं. पण त्याच पानांत कोष असतात. एका वाडीत मी याचा निकाल पाहिला तो मला पटला. पानं झाडाखालून ओढून काढायची, खड्ड्यात शेणाबरोबर थर देऊन वरून माती ओढायची, आणि कुजून खत झालं की झाडाला परत द्यायचं. मजुरी वाढते. पण जाळून धूर करण्यापेक्षा आणि तसंच टाकून कीड पोसण्यापेक्षा हे शहाणपणाचं आहे. खत घालताना ते बुंध्याशी ओतत नाहीत. झाडाची सावली दुपारी जिथे संपते तिथे गोल चर काढतात, कारण अन्न घेणारी बारीक मुळं तिथे असतात. पावसाच्या तोंडावर एक हप्ता, पाऊस सरताना दुसरा.

मे संपत आला की वाडीत निळी पिंपं दिसू लागतात. बोर्डो मिश्रणाची तयारी. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. ऐकायला सोपं आहे, पण करताना क्रम सांभाळावा लागतो. मोरचूद एका प्लास्टिकच्या पिंपात विरघळवायचं, चुना दुसऱ्यात, आणि मग दोन्ही बारीक धारेने एकत्र करत सारखं ढवळायचं. लोखंडी भांडं चालत नाही. मिश्रण झालं की लोखंडी सुरीचं पातं त्यात थोडा वेळ धरतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, मिश्रण पान जाळील. आणखी चुन्याची निवळी घालायची आणि पुन्हा पातं बुडवायचं. पातं स्वच्छ निघेपर्यंत कुणी पंपाला हात लावत नाही. त्यातलं उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरत नाहीत. या किनाऱ्यावर वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. झाडाखाली दिवसचे दिवस दमट अंधार राहतो आणि खालच्या फांद्यांवरची फळं आधी कुजतात. फवारणी पहिल्या पावसाआधी व्हायला हवी. ती हुकली तर पुढे उघडीप शोधत बसावं लागतं, आणि जुलैत उघडीप सहजी मिळत नाही. पाणी निघून जायला चरही याच दिवसांत साफ करतात. चिकू खारा वारा सोसतो, थोडं मचूळ पाणीही सोसतो, पण मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही.

जुन्या वाड्यांचं दुखणं वेगळं. साठ-सत्तर वर्षांची झाडं एकमेकांच्या अंगावर आली आहेत. खालच्या फांद्या अंधारात वाळतात, आणि फळ मिळतं ते शेंड्याला. उपाय साधा आहे: मधली उभी फांदी काढायची, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढायच्या, कापल्या जागी बोर्डोची पेस्ट लावायची. पण तो करायला मालकाचा हात धजत नाही, कारण आजोबांनी लावलेल्या झाडाला करवत लावायची असते आणि एक-दोन वर्षं उत्पन्न कमी होणार असतं. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रातली माणसं हेच सांगत आली आहेत. ज्यांनी ऐकलं त्यांच्या वाडीत दुपारी जमिनीवर उन्हाचे कवडसे पडतात, आणि तिथे पडलेल्या फळांची पाटीही हलकी असते.

छाटणीबरोबर बांडगूळ काढणं आलं. फुलटोच्या पक्षी त्याचं फळ खातो, चिकट बी फांदीला पुसतो, आणि ते तिथेच रुजून फांदीचा रस पितं. नुसती पानं ओरबाडून ते जात नाही. त्याची मुळं जिथवर गेली तिथवर फांदी कापावी लागते. चिकूच्या पानांत बांडगुळाचं पान ओळखायला नजर लागते. वारली समाजातले जुने गडी खालून बोट दाखवतात आणि चुकत नाहीत.

याच नजरेची खरी परीक्षा काढणीत होते. तयार फळावरची तपकिरी भुकटी झडू लागते. शंका आली तर नखाने हलकं खरवडायचं: आत हिरवं दिसलं तर राहू दे, पिवळसर दिसलं तर काढ. हातात बेडणी: लांब बांबू, टोकाला कडं आणि त्याला जाळी. फळ कड्यात घेऊन हलका पीळ द्यायचा, म्हणजे ते जाळीत येतं. मी ती धरून पाहिली आहे. मान वर करून, हात खांद्याच्या वर ठेवून, झोकांड्या खाणारं टोक एका ठरावीक फळाखाली नेणं हे ताकदीचं आणि तोलाचं काम आहे. फळ खाली आपटलं की तिसऱ्या दिवशी त्या जागी काळं पडतं. बेडणी पोहोचत नाही तिथे गडी झाडावर चढतो. चिकूच्या फांद्या आडव्या, मजल्यासारख्या फुटतात आणि लाकूड चिवट असतं, म्हणून झाड चढायला विश्वासाचं. पण पावसाळ्यात सालीवर शेवाळ धरतं. तीस-पस्तीस फुटांवर दोरीशिवाय, पट्ट्याशिवाय उभा असलेला माणूस पाहताना मला दर वेळी भीती वाटली आहे. वाडीच्या हिशेबात खताला, औषधाला, पेटीला रकाना असतो. या दोरी-पट्ट्यालाही असायला हवा.

खाली आलेला माल बायका धुतात, आकाराने निवडतात. देठातून येणारा चीक बोटांना चिकटून काळा होतो आणि तेल लावल्याशिवाय निघत नाही. पेट्या रात्रीच प्रवासाला निघतात, कारण पिकायला लागलेला चिकू थांबत नाही आणि कच्च्याला शीतगृहातली थंडी मानवत नाही.

आता वाडीबाहेरचं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्यासमोरून गेलं, तेव्हा समुद्राच्या बाजूला सुरूची रांग असलेल्या वाड्यांना तिचा आडोसा झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वांत प्रदूषित ठरलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये चिंचणीच्या उत्तरेला होणाऱ्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. या गोष्टी वाडीतल्या दोन बायकांच्या हातात नाहीत. ज्यांच्यावर त्यांची जबाबदारी आहे त्यांनी ती या बायकांइतक्या नेमाने पार पाडावी, एवढं मागण्याचा हक्क या पट्ट्याला आहे.

पण एक गोष्ट आपल्या हातात आहे. अनेक वाड्यांचे मालक आता मुंबईला किंवा परदेशात असतात. फाटकाला कुलूप, झाडांवर बांडगूळ, खाली फळांचा खच. मालकाला वाटतं, आपण काही घेत नाही, म्हणजे कुणाचं काही बिघडत नाही. प्रत्यक्षात त्या खचातून उठणारे पतंग शेजारच्या स्वच्छ वाडीत जातात आणि तिथली वर्षभराची मेहनत एका आठवड्यात फुकट घालवतात. तुमची अशी वाडी असेल तर ती कुणाला तरी कसायला द्या. तेही जमत नसेल तर निदान खाली पडलेली फळं उचलायला आठवड्यातून दोन दिवस माणूस ठेवा, आणि त्याची मजुरी वेळेवर पाठवा.