बोटीवरील प्रवास आणि हातखर्चाचा पैसा



आष्टीच्या माणसानें समुद्रप्रवासावर बोलावें याचें कित्येकांस नवल वाटेल. आमच्या बीड जिल्ह्यास समुद्र नाहीं, आणि आष्टी तालुक्यास तर पावसाचीच वाट पाहण्याची संवय. परंतु दिवस पालटले आहेत. २०२२ सालच्या सप्टेंबरांत नगराहून आष्टीपर्यंत आगगाडी आली. ज्यांच्या वाडवडिलांनीं समुद्र पाहिला नाहीं, अशा सेवानिवृत्त जोडप्यांस आज त्यांचीं मुलें मुंबईहून गोव्याकडे किंवा लक्षद्वीपाकडे जाणाऱ्या क्रूझचें तिकीट काढून देतात. तिकीट हातीं पडलें कीं पहिला प्रश्न निघतो तो असा: बरोबर पैसे किती घ्यावेत, आणि ते कोणत्या रूपानें घ्यावेत?

या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत सांगावयाचें तर असें: बोट ही एक परकी पेठ आहे, तेथील चलन व तेथील दर ठरविणारा धनी निराळा असतो, म्हणून पैशाची सर्व व्यवस्था जमिनीवर असतांनाच करावी.

वस्तुतः आम्हां आष्टीकरांस हा धडा जुनाच आहे. १९४८ पर्यंत आष्टी निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होती, आणि शेजारचें जामखेड इंग्रजी अमलाखालील नगर जिल्ह्यांत. संस्थानांतील रुपयास हाली म्हणत, इंग्रजी मुलखांतील रुपयास कलदार. दर असा कीं, सात हाली रुपयांस सहा कलदार. म्हणजे सत्तर हाली रुपये कमरेस बांधून कोणी जामखेडचा बाजार गांठला, तर तेथें त्या रकमेची किंमत साठच कलदार होई. सराफाचा बट्टा तो वेगळाच. खिशांतील नाणें तेंच, परंतु वेस ओलांडतांच त्याचें मोल बदलें. शहाणा माणूस घर सोडण्यापूर्वींच दर विचारून घेई. विसरभोळा सराफाच्या ओट्यावर उभा राहून विचारी, आणि तेथें सराफ सांगेल तोच दर. हैदराबादचें चलन १९५९ सालीं कायमचें बाद झालें. तो धडा मात्र बाद झालेला नाहीं.

समुद्रावरील पैशाचा सर्वांत मोठा अनुभव आपल्याकडे असेल तर तो हज यात्रेकरूंचा. मुंबईच्या बंदरांतून मोगल लाइन कंपनीच्या आगबोटी हजारों यात्रेकरूंस जेद्दास नेत. ही कंपनी १८७७ सालीं स्थापन झाली, आणि १९९५ मध्यें हजचा समुद्रमार्ग बंद होऊन सर्व यात्रा विमानानें होऊं लागली. त्या काळच्या यात्रेंत एक मोठें दुःख असे. पुष्कळ गरीब यात्रेकरू जन्मभराची पुंजी घेऊन निघत, ती तिकडेच संपे, आणि परतीच्या भाड्यावांचून ते जेद्दास अडकून पडत. अखेरीस १९२० ते १९३० या दशकांत सरकारनें असा निर्बंध घातला कीं, यात्रेकरूनें परतीचें तिकीट आधींच काढावें, किंवा परतीपुरती रक्कम अनामत ठेवावी. कायदा रूक्ष खरा. पण परतीचा पैसा हा खर्चाचा पैसा नव्हे, हें तत्त्व त्यानें कायमचें सांगून ठेवलें.

दुसरी गोष्ट नोटांची. आपला रुपया एके काळीं समुद्रापलीकडेही चाले. एडनच्या बंदरांत तो १९५१ पर्यंत चालला. कुवेत, बहरीन, कतार येथें त्यानंतरही. परंतु सोन्याच्या चोरट्या व्यापारापायीं देशाच्या परकीय चलनास गळती लागली, तेव्हां १९५९ सालीं रिझर्व्ह बँकेनें आखातासाठीं निराळ्या नोटा काढल्या, आणि हज यात्रेकरूंसाठीं दहा व शंभर रुपयांच्या खास नोटा छापल्या. त्यांच्या क्रमांकाआधीं ‘एचए’ हीं अक्षरें असत. देशांतील बाजारांत त्या चालावयाच्या नव्हत्या. रुपयासच असा वेगळा पोशाख चढवावा लागला, यावरून किनाऱ्यापलीकडे पैसा कसा निराळा होतो हें ध्यानांत यावें.

आतां आजच्या क्रूझकडे वळूं. बहुतेक क्रूझवर रोख पैसा चालत नाहीं. बोटीवर चढतांना प्रत्येक उतारूस एक कार्ड देतात. तेंच खोलीची किल्ली, तेंच ओळखपत्र आणि तीच उधारीची वही. चहावाला पैसे मागत नाहीं. कार्ड दाखविलें कीं काम झालें. येथेंच खरी मेख आहे. नोट हातांतून जातांना माणूस क्षणभर थबकतो. कार्ड पुनः खिशांतच परत येत असल्यामुळें कांहीं गेलें असें वाटतच नाहीं. हिशेब येतो तो शेवटच्या रात्रीं किंवा उतरण्याच्या सकाळीं, आणि तेव्हां घासाघीस करण्यास वेळ उरलेला नसतो.

हें खातें दोन प्रकारांनीं उघडतां येतें. एक, आपलें बँकेचें कार्ड जोडून. दुसरा, खिडकीवर रोख अनामत ठेवून. बँकेचें कार्ड जोडलें म्हणजे बोटवाले खर्चापूर्वींच कांहीं रक्कम अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्ड असेल तर मर्यादेंतील तेवढा भाग अडतो, इतकेंच. परंतु डेबिट कार्ड दिलें तर निवृत्तिवेतनाच्या खात्यांतील खरा पैसा अडतो, आणि प्रवास संपल्यावरही तो सुटण्यास कांहीं दिवस लागूं शकतात. ज्यांचें घर त्या एकाच खात्यावर चालतें त्यांनीं रोख अनामत ठेवावी, पावती घ्यावी, आणि उरलेली रक्कम उतरण्यापूर्वीं मोजून परत घ्यावी. अशी अनामत चालते कीं नाहीं, हें तिकीट काढतांनाच विचारावें.

तिकिटांत काय आलें आणि काय आलें नाहीं, याचीही यादी मागून घ्यावी. मुख्य भोजनगृहांतील जेवण बहुधा तिकिटांत असतें. मद्य, खास उपाहारगृहें, इंटरनेट, छायाचित्रें आणि बंदरावरील सहली यांचे पैसे बहुधा निराळे. पुष्कळ परदेशी बोटींवर नोकरांचें बक्षीसही माणशी दर दिवसाप्रमाणें खात्यावर मांडलें जातें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे औषधपाणी. बोटीवर डॉक्टर असतो, परंतु बहुतेक बोटींवर तो फुकट नसतो. त्याची फी याच खात्यावर चढते, आणि ती भारी असते. साठी उलटलेल्या माणसानें प्रवासाचा विमा उतरविल्यावांचून पाऊल टाकूं नये.

कित्येक म्हणतील, आमच्या मोबाइलमध्यें यूपीआय आहे, मग चिंता कशाची? परंतु किनारा दूर राहिला कीं मोबाइलची लहर तुटते. मग यूपीआय चालत नाहीं, आणि बँकेचा गुप्त आंकडाही येत नाहीं. कांहीं बोटींवर उपग्रहाच्या द्वारें मोबाइल जोडला जातो, त्याचा आकार फार मोठा असतो. यास्तव बोट सुटतांच फोन विमानाच्या खुणेवर ठेवावा. गोव्यास उतरल्यावर यूपीआय पुनः चालूं लागेल. समुद्रांत त्यावर विसंबूं नये.

परदेशी क्रूझचा हिशेब बहुधा अमेरिकी डॉलरांत असतो, युरोपांतील कांहीं बोटींचा युरोंत. बंदरावर उतरलें कीं तिसरेंच चलन. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें बहुतेक देशांच्या प्रवासास एका खेपेस तीन हजार डॉलरांपर्यंतच परकीय नोटा घेतां येतात. बाकीची रक्कम प्रवासी कार्डावर भरून न्यावी. नोटा बँकेकडून किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडूनच घ्याव्यात, आणि त्या लहान रकमांच्या घ्याव्यात. बंदरावरचा टॅक्सीवाला मोठ्या नोटेची मोड देत नाहीं. बोटीवर पैसे देणारें यंत्र असलें तरी त्याचा बट्टा जबर असतो. आणि परदेशांतील दुकानदाराचें यंत्र विचारतें कीं, बिल रुपयांत करूं कीं येथील चलनांत? रुपया पाहून मन तिकडे ओढतें. परंतु उत्तर ‘येथील चलनांत’ असेंच द्यावें. रुपयांचा दर तेथें यंत्राचा धनी ठरवितो, आणि तो बहुधा महागच पडतो. जामखेडच्या ओट्यावरील सराफाची आठवण ठेवावी.

सारांश, पैशाचे तीन भाग करावेत. पहिला बोटीच्या खात्यासाठीं. दुसरा बंदरावरील हातखर्चासाठीं, सुट्या नोटांचा. तिसरा परतीचा: मुंबईच्या धक्क्यापासून आष्टीच्या घरापर्यंत पुरेल इतके हिंदी रुपये, निराळ्या पाकिटांत, खोलींतील तिजोरींत, त्यास काय वाटेल तें झालें तरी हात लावूं नये. रोज रात्रीं खिडकीवर जाऊन खात्याचा उतारा मागावा व आपल्या वहीशीं ताडून पाहावा. चूक त्याच दिवशीं दुरुस्त होते. शेवटच्या सकाळच्या रांगेंत कोण कोणाचें ऐकतो?

आणखी एक गोष्ट, आणि ती यजमानांस उद्देशून. आपल्याकडे पैसा, कार्ड व गुप्त आंकडा हीं सर्व नवऱ्याच्याच खिशांत असण्याची रीत आहे. भर समुद्रांत तोच अंथरुणास खिळला तर पत्नीनें काय करावें? तिचें कार्ड तिच्याजवळ असावें, कांहीं नोटा तिच्याजवळ असाव्यात, आणि खातें कसें पाहावें हें तिला निघण्यापूर्वीं शिकवावें. लेकरांनीं हौसेनें दिलेला प्रवास आईबापांस लाचारीचा होऊं नये, याची तजवीज एवढ्यानेंच होते.

समुद्र पाहावा, मनसोक्त पाहावा. मात्र दर विचारून निघावें, आणि परतीचें पाकीट शिवून ठेवावें. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.