मुखवट्यामागचे पंधरा

ग्रीक शोकांतिका मराठीत करायची म्हटली की राजाची फारशी चिंता नसते; ओयदिपौस पेलणारा नट महाराष्ट्रात मिळतो. घोडं अडतं ते कोरसपाशी. पंधरा माणसं एकदा आत आली की नाटक संपेपर्यंत जात नाहीत. त्यांचं करायचं काय?

अथेन्समध्ये डायोनिससच्या वसंतोत्सवात नाटकांची स्पर्धा लागे. कोरसच्या तालमीचा खर्च एखादा श्रीमंत नागरिक उचली. गाणारे-नाचणारे पोटार्थी नट नव्हेत, शहरातलेच लोक. एस्किलसच्या काळी ते बारा असत, सोफोक्लीसने पंधरा केले. तोंडावर मुखवटे, साथीला दुहेरी पावा, नाचायला प्रेक्षकांच्या पायथ्याशी मोकळी जागा.

आधुनिक रंगभूमीने बहुधा माणसंच कमी केली. झाँ अनुईच्या 1944 साली पॅरिसमध्ये आलेल्या ‘अँटिगनी’त अख्खा कोरस एकट्या माणसावर आला. डॉ. श्रीराम लागूंच्या ‘रूपवेध’ने मराठीत केली ती हीच. पु. ल. देशपांडे थेट सोफोक्लीसकडे गेले. त्यांचा ‘राजा ओयदिपौस’ 1979चा.

नांदुऱ्यासारख्या गावात मात्र रांगेने उभी राहणारी माणसं काही नवी नाहीत. हरिनाम सप्ताहात बुवांच्या मागे टाळकरी असतात. दिवसा वावरात राबलेले, रात्री चरण उचलणारे, बुवांना दम घेऊ देणारे. आख्यान मंडपातल्या सगळ्यांना ठाऊक असतं, तरी कुणी उठत नाही. ओयदिपौसची गोष्टही अथेन्सकरांना आधीच माहीत होती. पंधरा नट शोधण्यापेक्षा असे पंधरा टाळकरी गाठावेत, असं मला वाटतं.

पण टाळ जसेच्या तसे उचलून चालणार नाही. टाळकऱ्याला विठ्ठलाची खात्री असते. ‘ओयदिपौस’मधला कोरस म्हणजे थेबीजचे म्हातारे; त्यांना कशाचीच नाही. आंधळा तायरेसियस राजाला खुनी म्हणतो, तेव्हा द्रष्ट्यावर विश्वास ठेवावा की आपल्याला वाचवणाऱ्या राजावर, हे त्यांना ठरवता येत नाही. भजनाची लय समेवर येऊन निवते. इथे ती सम लांबवत न्यावी लागेल. पखवाजवाल्याला हे जड जाईल.

राणी योकास्टेचा मृत्यू मंचावर होत नाही, सेवक येऊन सांगतो. ते काम आख्यान लावणारा बुवा उत्तम करील. डोळे फोडून घेतलेला राजा मग बाहेर येतो. त्याच्याकडे पाहवत नाही, असं कोरसच म्हणतो, आणि तरी त्याच्याशी बोलत राहतो. मागे सरायचं, पण अंगण सोडायचं नाही: तालमीचे सर्वांत जास्त दिवस मी या दोन पावलांना देईन.