उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर : कोणत्या आजाराला कोणता दवाखाना?

ताप, सर्दी, जुलाब यांसाठी घराजवळचा नेहमीचा डॉक्टर पुरेसा असतो. रुग्णाचा पूर्वेतिहास त्याला ठाऊक असतो, त्यामुळे निदान लवकर होते.

तपासण्या, बाळंतपण किंवा दाखल होण्याची गरज असल्यास सरकारी पर्याय आधी पाहावेत. बदलापुरात ग्रामीण रुग्णालय, अंबरनाथमध्ये छाया उपजिल्हा रुग्णालय आणि उल्हासनगरच्या कॅम्प 3 मध्ये मध्यवर्ती रुग्णालय आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत.

कुत्रा चावल्यास जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजची लस सुरू करावी. सर्पदंशात मांत्रिकाकडे वेळ घालवू नये.

छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोलताना अडखळणे अशा वेळी 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून सीटी स्कॅन आणि आयसीयू असलेले रुग्णालय गाठावे.

खासगी रुग्णालयात दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणे 2021 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. नियोजित शस्त्रक्रियेआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय आणि तो उपचार बसतो का, हे योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवावे.

जवळच्या रुग्णालयांचे क्रमांक आजच घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये जतन करावेत.