दगडातला माग

इगतपुरी-पेठकडच्या भातशेतकऱ्याला खेकडा डोळ्यांनी दिसावाच लागतो असे नाही. बांधाला गोल भोक दिसले, तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्या पडलेल्या दिसल्या, की तो समजतो : आत खेकडा आहे, आणि आज बीळ बुजवले नाही तर उद्या खाचरातले पाणी जाणार. प्राणी न पाहता त्याच्या खुणेवरून त्याला ओळखायचे, यालाच आपण माग काढणे म्हणतो. आज असाच एक माग आपल्याला काढायचा आहे. फरक एवढाच, की ही बिळे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वीची आहेत आणि ती मातीत नव्हे, तर दगडात आहेत.

जीवाश्म म्हटले की आपल्यापुढे हाडे आणि शिंपले येतात. पण समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या कितीतरी प्राण्यांना ना हाड, ना शिंपला. किडा मेला की कुजून गेला. मागे राहिले ते त्याचे बीळ. बिळाच्या भिंती प्राण्याच्या अंगच्या चिकट द्रवाने लिंपलेल्या असत. पुढे त्या पोकळीत वरची वाळू शिरली, तिच्यावर गाळाचे थर बसले, आणि पाण्यातल्या चुन्याने किंवा गारेच्या अंशाने सगळे घट्ट होऊन त्याचा दगड बनला. अशा खुणांना शास्त्रज्ञ ट्रेस फॉसिल म्हणतात. आपण त्यांना मागाचे जीवाश्म म्हणू.

यांची एक मोठी किंमत आहे, बरं का. शिंपला लाटेबरोबर कोसभर वाहत जाईल. बीळ मात्र वाहून जात नाही. जिथे कोरले, तिथेच ते राहते. म्हणून थरात जागच्या जागी समुद्री प्राण्याचे बीळ सापडले, तर ती जागा एके काळी समुद्राचा तळ होती, असे खात्रीने म्हणता येते.

या खुणा ओळखताना मोठमोठे विद्वानही चुकले होते. एकोणिसाव्या शतकात दगडावरच्या फांद्याफांद्यांच्या आकृत्या पाहून अनेकांनी त्यांना समुद्रातले शेवाळ ठरवले आणि वनस्पतींसारखी नावेही दिली. १८८१ साली स्वीडनच्या नाथोर्स्ट या शास्त्रज्ञाने मऊ चिखलावर जिवंत प्राणी चालवून त्यांच्या खुणा मिळवल्या आणि त्या दगडांवरच्या आकृत्यांशी ताडून पाहिल्या. शेवाळ म्हणून नोंदलेल्या पुष्कळ आकृत्या म्हणजे प्राण्यांचे मागच आहेत, हे त्यामुळे ध्यानात आले.

आता तुम्ही विचाराल, आमच्या नाशकात हे सापडेल का? समजा, तुमच्या शाळेतला एखादा मुलगा पांडवलेण्यांच्या बाजूच्या खाणीतला काळा दगड घेऊन येतो. दगडात बोटाएवढ्या उभ्या नळ्या आहेत. मुलगा विचारतो, “गुरुजी, ही किड्याची बिळे का?” इथे दोन चुका होऊ शकतात. “छान, समुद्रातला किडा!” म्हणून तो दगड कपाटात मांडायचा, ही एक. “टाकून दे तो धोंडा,” म्हणायचे, ही दुसरी. पहिलीने मुलगा खोटे शिकतो, दुसरीने विचारायचेच थांबतो.

खरे उत्तर असे : नाशिकचा काळा खडक हा लाव्ह्याचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त रस बाहेर आला आणि थरावर थर पसरला. त्यात किडा बीळ कसे करील? त्या नळ्या वायूच्या आहेत. थराच्या बुडाशी वाफ व वायू वर चढू लागले, भोवतालचा रस थिजला आणि नळ्या तशाच राहिल्या. पुढे झिरपणाऱ्या पाण्याने त्यांत पांढरे, हिरवट स्फटिक साठवले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मांडलेले स्फटिक अशाच पोकळ्यांतून वाढलेले असतात.

नदीच्या दरडीत आणखी एक फसवी वस्तू मिळते. झाडाच्या मुळाभोवती चुनखडी जमते, मूळ कुजते आणि चुन्याची वेडीवाकडी नळी उरते. तीही बिळासारखीच दिसते. पण मूळ खाली जाताना बारीक होत जाते. बिळाची जाडी मात्र बहुधा सारखी राहते.

मग समुद्राची खरी बिळे कुठे पाहायची? आग्रा रोडने मालेगाव, धुळे करत सातपुडा उतरून नर्मदा ओलांडा आणि पश्चिमेला वळा. मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यात बाघ नावाचे गाव लागते. लेण्यांसाठी ते प्रसिद्ध आहेच. पण भूशास्त्रात त्याचे नाव आहे ते तिथल्या थरांमुळे. आपला लाव्हा वाहण्याच्या कितीतरी आधी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. त्याने आधी वाळूचे, मग चुन्याचे थर टाकले. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेतले प्रा. चिपळूणकर आणि बडवे यांनी १९६९ च्या सुमारास याच थरांतल्या मागांवर लेख लिहिला. १९४६ साली स्थापन झालेली ही संस्था आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

अशा थरांत मिळणाऱ्या बिळांचे प्रकार सोपे आहेत. काठीसारखी सरळ उभी नळी म्हणजे स्कोलिथॉस. फांद्या फुटलेली, जागोजागी दुबेळके असलेली बिळे म्हणजे थॅलॅसिनॉइडिस. ती बहुधा कोळंबीच्या जातीच्या प्राण्यांनी केली. बाहेरून मक्याच्या कणसासारखे दाणेदार दिसते ते ऑफिओमॉर्फा. वाळू ढासळू नये म्हणून प्राण्याने भिंतीला गाळाच्या गोळ्या लावल्या, त्याचे ते दाणे. ध्यानात ठेवा, ही नावे प्राण्याची नव्हेत, खुणेची आहेत. एकच प्राणी चालताना एक खूण सोडतो आणि बीळ करताना दुसरी. तसेच दोन निरनिराळे प्राणी एकसारखे बीळ करू शकतात.

गोळा करण्याचे काही नियम आहेत. राष्ट्रीय उद्यानातून किंवा लेण्यांच्या आवारातून खडाही उचलू नये. इतरत्र मालकाची परवानगी घ्यावी. खडकात पक्का असलेला नमुना फोडू नये; शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून छायाचित्र घ्यावे. सुटा तुकडा उचलायचाच असेल तर आधी वहीत लिहावे : गाव, जागा, दिनांक, तो कोणत्या थराखाली मिळाला. तो थरातून सुटताना दिसला असेल, तर वरची बाजू कोणती याचा बाण खडूने दगडावर काढावा. ही नोंद नसेल, तर दगड हाती आला तरी माग हरवला असे समजा.

शाळेत करण्यासारखा एक प्रयोग सांगतो. ताटात मऊ चिखल पसरून गांडूळ चालू द्या आणि मग त्याला अलगद उचलून ओल्या मातीत सोडा. उरलेल्या खुणेवर पातळ कालवलेले प्लास्टर ओता. अर्ध्या तासाने ते सुटे करून पाहा. चिखलात जी खाच होती, ती प्लास्टरवर उंचवटा होऊन आलेली दिसेल. दगडी थराच्या खालच्या बाजूला मिळणारे पुष्कळ माग असेच उंच का असतात, ते मुलांना न सांगता कळेल.

आणि तो नळ्यांचा काळा दगड? तोही कपाटात ठेवा. खाली चिठ्ठी लावा : “बीळ नव्हे, लाव्ह्यातील वायूची नळी.” सापडलेल्या जागेचे नाव लिहा आणि शेजारी त्या मुलाचे नावही लिहा. त्याने प्रश्न बरोबर विचारला होता.