शेवटच्या झुरक्यानंतर

सिगारेट किंवा बिडी विझवल्यावर वीसेक मिनिटांत नाडी उतरू लागते. शरीर लगेच कामाला लागतं, कुरकुर करतं ते डोकं. चिडचिड आणि झोपमोड पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जास्त, मग दोन ते चार आठवड्यांत बरीच ओसरते. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते.

तलफ आवरायला घेतलेला निकोटिन गम (२ मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय मिळतो) बबलगमसारखा चघळू नये. सावकाश चावा, जिभेला झिणझिण जाणवली की गाल आणि हिरडीमध्ये दाबून ठेवा, झिणझिण गेली की पुन्हा चावा. गम तोंडात टाकण्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. टपरीवर कटिंगसोबत झुरका मारणाऱ्यांची इथेच खरी पंचाईत!

सिगारेट-बिडीच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर सहसा कुणी वाचत नाही. तो तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा आहे. २०१६ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ही मोफत सेवा आता मुंबईच्या टाटा मेमोरियलमधूनही चालते. समुपदेशक सोडण्याची तारीख ठरवून घेतात, नंतर स्वतःहून फोन करून विचारपूसही करतात. मधेच एखादी ओढली गेली, तरी घरच्यांनी टोमणे मारण्यापेक्षा हा नंबर लावून द्यावा.